एक आखूड, एक लांब

भुताखेताचं सगळं रात्रीच घडतं असं वाटत असेल, तर हे वाचू नका. ही भर दुपारची गोष्ट आहे आणि अक्षरन् अक्षर खरी आहे. गेल्या उन्हाळ्यात सुरू झालेली, सुप्याच्या एमआयडीसीतली. तिथे आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे.

मी दिपाली. ऑफिस मी बघते, क्रेन आमचे मिस्टर चालवतात. माझा धाकटा भाऊ बजरंग खाली उभा राहून क्रेनच्या हुकाला माल बांधायचा.

बजरंग खर्ड्याहून आमच्याकडे आलेला. मोटारसायकलवर दारात आला की त्याचा हॉर्न ठरलेला. एक आखूड, एक लांब. अख्ख्या गल्लीला कळायचं, दिपालीचा भाऊ आला.

क्रेनचा रिमोट ह्यांनी जुना घेतला होता, बंद पडलेल्या एका कारखान्यातला. बाकी सगळं चालायचं, फक्त हॉर्नचं बटण मेलेलं होतं.

"हॉर्नवाचून काय अडतंय?" हे म्हणाले.

मी तेव्हाच म्हटलं, एकदा जाणकाराला दाखवा. पण माझं ऐकतंय कोण!

त्या दुपारी मी डबे घेऊन शेडच्या दारात आले. लोखंडी प्लेट हुकाला लटकत होती. खाली बजरंग.

आणि वर…

पीं. पीं.

क्रेनचा भोंगा वाजला. दोनदा, आखूड.

ह्यांचा अंगठा त्या बटणावर नव्हताच.

बजरंग दचकून मागे सरला. त्याच क्षणी प्लेट बांधलेला बेल्ट तुटला आणि तो उभा होता तिथेच प्लेट आदळली.

पुढे आणखी एकदा तसंच झालं. आधी भोंगा, मग माल निसटला. बजरंग रोज सकाळी रिमोटला उदबत्ती ओवाळायला लागला.

माझी मात्र झोप उडाली. आज जे आपोआप वाजतंय, ते उद्या आपोआप हललं तर? हुकाखाली माझा भाऊ असतो.

"आता तपासून घ्यायचाच," मी म्हटलं.

"ताई, त्याला हात नको लावू. राखनदार हाय त्यो."

"राखणदार म्हणे! गप बस."

नगरला वाल्मिक म्हणून एक जण क्रेनचे रिमोट दुरुस्त करतात. त्यांनी रिमोट उघडला आणि आत बोटानं चाचपून पाहिलं.

"वहिनी, हॉर्नच्या बटनाला आतून वायरच न्हाई. ह्याच्यावर भोंगा वाजूच शकत न्हाई."

"पण वाजतो."

त्यांनी हात मागे घेतला. मग हळूच विचारलं, "नवी जोडू का?"

जोडा, म्हणाले. मीच म्हणाले.

नवं बटण झकास चालायचं. बजरंगनं पहिल्यांदा दाबलं ते एक आखूड, एक लांब. आम्ही सगळे हसलो.

आपोआप मात्र भोंगा पुन्हा वाजला नाही…

पोळ्याच्या आदल्या दिवशी हे माल उतरवत होते. "बाजूला हो रे," असं ओरडलेसुद्धा.

बजरंग हसला. "वाजलं कुठं, दाजी?"

तेच त्याचं शेवटचं बोलणं. साखळी निसटली.

भोंगा वाजला नाही म्हणजे धोका नाही, असं तो धरून चालला होता. आणि तो भोंगा मी हट्टानं दुरुस्त करून घेतला होता.

पोलीस आले, पंचनामा झाला, काम थांबलं. रिमोटचे सेल काढून मी तो कपाटात टाकला.

भाऊबीजेला घरात बसवेना. शेडवर गेले. एकटीच. लाईट गेलेली. पंखा बंद, मशीन बंद, बाहेर रस्त्यावर टेम्पोसुद्धा नाही.

आणि वर…

पीं. पींऽऽऽ.

सवयीनं मी दाराकडे धावले.

दारात कुणीच नव्हतं.

तेव्हापासून तो अधूनमधून वाजतो. हे म्हणतात, रिमोट पुन्हा वाल्मिकना दाखवू. मी कपाटाची किल्ली माझ्याकडेच ठेवलीय. एकदा दाखवला तेवढं पुरे झालं.

पण जिवाला घोर आहेच. घरी आल्याचा हॉर्न आहे तो… मग वाजतो क्रेनवर का?

परवा वाजला, तेव्हा मी हुकाच्या खालीच उभी होते. पटकन मागे सरायचं, की दार उघडायला जायचं, मला कळलंच नाही.