सहा नंबरची परीक्षा

ठेवायचा असेल तर विश्वास ठेवा. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. पटवायची गरज होती तेव्हा घसा फोडून सांगितलं होतं. त्यातून काय मिळालं ते पुढे येईलच.

डिसेंबरातला गुरुवार होता. दुपारचे चार. उत्तर मिनेसोटातलं आमचं लहानसं कॉलेज, संगीत विभागाचा तळमजला. बाहेर बर्फ पडत होता आणि दिवस मावळायलाही लागला होता.

मी सोल्वेग. संगीताच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. वाद्य चेलो.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे एक चाळणी परीक्षा असते. जेमतेम दहा मिनिटं वाजवायचं, तीन परीक्षक ऐकणार. पास झालात तर पुढची दोन वर्षं संगीत. नापास झालात तर दुसरा विषय शोधा, नाहीतर घरी जा.

मला दुसरा विषय नको होता. शाळेत असल्यापासून हे एकच हवं होतं.

परीक्षा पडद्याआडून होते. परीक्षक पडद्याच्या पलीकडे, आपण अलीकडे. नाव नाही, फक्त नंबर. दारापासून खुर्चीपर्यंत जाड गालिचा, म्हणजे बुटांच्या आवाजावरूनसुद्धा कोण आलं ते कळू नये. आत तोंडातून शब्द काढायचा नाही. घंटा वाजली की जायचं, वाजवायचं, बाहेर यायचं.

न्याय व्हावा म्हणून ही सोय. ती झाली कोरीन टोलेफसनमुळे.

कोरीन माझ्या आधीची. तीही चेलोवाली, तीही माझ्या चेलोच्या शिक्षिका मिसेस ब्लाहांचीच विद्यार्थिनी. तेव्हा पडदा नव्हता. तिला नापास केलं आणि त्याच संध्याकाळी घरी जाताना तिची गाडी बर्फावरून घसरली. तोंड बघून मार्क देतात, असं तिचे वडील कॉलेजात येऊन ओरडून गेले.

मग पडदा आला. पोरगी गेल्यावर.

माझा नंबर होता सहा. बाहेर पॅसेजमध्ये मी आणि मार्ज. मार्ज विभागाची सेक्रेटरी. परीक्षेच्या दिवशी दाराशी टेबल टाकून बसायची आणि सगळ्यांना घरच्या लिंबाच्या वड्या खाऊ घालायची.

"खा गं, बाळा. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"मार्ज, आत्ता नको."

"घे. त्या तिघांपेक्षा तरी गोड आहे."

पाच नंबरवाला बाहेर आला. घंटा वाजली.

मी उठले. चेलो उचलला. दाराला हात लावला...

आणि आत कुणीतरी तारा जुळवायला लागलं.

मी मार्जकडे बघितलं. मार्ज माझ्याकडे.

स्टेजवर जायला ते एकच दार. आमच्यासमोरून कुणीही आत गेलं नव्हतं.

मी दार ढकललं. हललं नाही. मार्जने खांदा लावला. नाहीच. त्या दाराला कुलूप सोडा, साधी कडीसुद्धा नव्हती.

मी ठोकायला हात उचलला, तर मार्जने तो धरला. सवयच ती. इतकी वर्षं हेच काम केलेलं.

"आवाज करू नकोस, बाळा... आत परीक्षा चालू आहे."

आणि मीही थांबले! आजही स्वतःची चीड येते. माझी परीक्षा दुसरं कुणीतरी देत होतं, आणि नियम मोडू नये म्हणून मी बाहेर चिडीचूप उभी होते.

आतून डॉ. ओस्बींचा आवाज आला. ते विभागप्रमुख. "सहा नंबर. डी मायनरची सरगम."

सरगम वाजली. स्वच्छ.

मग रचना सुरू झाली. माझीच. मिसेस ब्लाहा चाळणीला आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना तीच देतात. मधे एक अवघड जागा आहे, हात एका झेपेत खालून थेट वर न्यायचा. तिथे सगळे घसरतात.

वाजवणारी त्या जागेपाशी आली...

थांबली.

श्वास घेतल्याचा आवाज मी ऐकला. दाराबाहेरून.

आणि हात वर गेला. सूर असा लागला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला तो तसा कधीच लागला नव्हता.

"धन्यवाद," आतून ओस्बी म्हणाले.

दार आपोआप वीतभर उघडलं.

कुणीही बाहेर आलं नाही...

गालिच्यावर ओले ठसे होते. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पांढरट झालेले. खुर्चीपर्यंत जाणारे. परतीचे नव्हते.

पुन्हा घंटा वाजली. सात नंबरसाठी.

मी तशीच आत घुसले. "मी सहा नंबर आहे!"

"उमेदवारांनी बोलायचं नाही," पडद्यामागून ओस्बी.

मी पडदा ओढला. तिघं बसलेले. मधे ओस्बी. एका बाजूला ट्रम्पेट शिकवणारे प्राध्यापक ग्रीव्ह, ज्यांनी जन्मात कधी चेलो हातात धरला नसेल. दुसऱ्या बाजूला माझ्या मिसेस ब्लाहा, पांढऱ्याफटक पडलेल्या.

"तू आत्ताच तर वाजवलंस," ग्रीव्ह म्हणाले.

"मी बाहेर होते, सर. मार्जला विचारा."

मार्ज दारातून म्हणाली, "ती माझ्याजवळच होती. देवाशपथ."

"मग वाजवलं कोणी?" ओस्बींनी विचारलं.

बाहेर बर्फ काढणारी गाडी खरवडत गेली.

ओस्बींनी चष्मा पुसला. "सोमवारी कॉलेजची मान्यता तपासणारे येतायत. आत कुणी नसतानाच आम्ही मार्क दिले असं सांगू त्यांना? मग आधीच्या पाचांचं काय? या पडद्याचं काय? तिघांनी ऐकलंय. निकाल झालाय."

"काय निकाल?"

"हात चांगला आहे. तयारी नाही."

मी विनवण्या केल्या, रडले, आत्ता वाजवून दाखवते म्हणाले. चेलो माझ्या हातातच होता. ओस्बींनी सात नंबरला आत बोलावलं.

संध्याकाळी मिसेस ब्लाहा मला गाड्यांपाशी भेटल्या. काचेवरचा बर्फ खरवडत होत्या. एकाच जागी.

"तुम्ही मला दीड वर्ष शिकवलंत," मी म्हणाले. "माझा हात तुम्हाला ओळखता आला नाही?"

"पहिल्याच सुराला ओळखलं. तू नव्हतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"कारण कोण आहे तेही ओळखलं."

त्यांनी खरवडणं थांबवलं.

"त्या जागेवर कोरीन तेव्हा घसरली होती, सोल्वेग. मीसुद्धा तिला नापास केलं होतं. ओस्बी तेव्हाही हेच म्हणाले होते, हात चांगला आहे, तयारी नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "आज ती घसरली नाही. ती शिकून आली होती. मी तिला पास केलं. त्या दोघांनी नाही केलं."

"आणि मी?"

त्या गाडीत बसल्या, निघून गेल्या. उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली.

मी कॉलेज सोडलं. आता डुलुथमध्ये एका वाद्यांच्या दुकानात काम करते, मागच्या खोलीत मुलांना चेलो शिकवते. गिऱ्हाईकाने काउंटरवरची घंटा वाजवली की मी लगेच उठत नाही. आधी कान देऊन ऐकते...

ओस्बींवरचा राग अजून गेलेला नाही. कोरीनचा राग करायचाही प्रयत्न केला. नाही जमलं.

गेल्या डिसेंबरात न राहवून मार्जला फोन केला.

"यंदा सहा नंबर कोण होतं?"

"सहा नंबर आता कुणाला देत नाहीत, बाळा. पाचनंतर थेट सात."

"मग पाच झाल्यावर?"

तिने आवाज खाली आणला.

"घंटा वाजवतात. मी पॅसेजच्या टोकाला जाऊन उभी राहते. आतलं संपलं की परत येते."

"आणि आतले तिघं?"

"ऐकतात. न ऐकून जातात कुठे?"

"मार्ज... निकाल?"



"दरवर्षी आधीपेक्षा छान वाजवते गं ती," मार्ज म्हणाली. "पण ओस्बी अजून तेच म्हणतात. हात चांगला आहे, तयारी नाही."