बाकाखालचं हिरवं गवत

"माफी? मी नाही मागणार!" भिंगरीने हाताची घडी घातली. "चूकच केली नाही, तर माफी कसली?"

उद्यानाचे साहेब रागाने लालबुंद झाले. त्यांच्यामागचा फुलांचा नवाकोरा वाफा पार तुडवला गेला होता.

"पेटीशोधवाल्या पोरांचीच करामत आहे ही! संध्याकाळी सगळ्यांसमोर माफी मागा, नाहीतर हा खेळ कायमचा बंद!" असं बजावून साहेब कचेरीत शिरले.

पेटीशोध म्हणजे या मुलांचा जीव की प्राण! दर हिवाळी सुट्टीत ग्रंथपालबाई उद्यानाच्या पायवाटेवर डब्या लपवायच्या. चिठ्ठीवरून डबी शोधायची, आतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि डबी होती तिथे ठेवायची. यंदा शेवटच्या डबीतला घुबडाचा शिक्का भिंगरीने स्वतः खोडरबर कोरून केला होता. बोटं कापून घेतली होती त्यापायी! आणि नेमकी तीच डबी कुणाला सापडत नव्हती.

"वाफा तुडवला गेलाय हे मात्र खरं," तिचा मित्र ढापण्या चष्मा पुसत म्हणाला. "चिठ्ठीच तिकडे नेते. वाच ना."

भिंगरीने वाचलं, "हिरव्या बाकावर टेका. मग उठून नाकासमोर चालत सुटा. पहिला मोठा दगड आडवा आला, की त्याच्याखाली हात घाला."

"ग्रंथपालबाईंचंच चुकलं असेल," भिंगरीचा धाकटा भाऊ भोपळ्या म्हणाला.

"बाई आणि चुकतील? शक्यच नाही!" भिंगरी म्हणाली.

बाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. ढापण्याने त्यांना फोन लावला.

"जागा सांगणार नाही, नियम म्हणजे नियम!" बाई ठणकावून म्हणाल्या. "पण चिठ्ठी अगदी बरोबर आहे. बाकावर बसूनच लिहिलीय मी!"

भिंगरी त्या बाकावर धपकन बसली. चिठ्ठी बरोबर, चालणारे बरोबर, मग चुकलं कोण? तिने वैतागून मान खाली घातली आणि एकदम किंचाळली.

"गवत बघा! बाकाखाली चांगलं हिरवंगार आहे! वर्षानुवर्षं बाक इथे असता, तर खाली असं गवत उरलं असतं का?"

"म्हणजे बाकच हलवलाय!" ढापण्या उडालाच.

बाकाची जुनी जागा शोधत तिघं पायवाटेने धावत सुटली. तळ्याकाठी गवतात बाकाच्या पायांच्या चार खुणा होत्या, आणि मधली माती उघडी पडलेली होती. भिंगरी तिथेच फतकल मारून बसली, उठली आणि नाकासमोर चालू लागली. वाटेत वाफा नाही की काही नाही! पहिल्या मोठ्या दगडाखाली तिने हात घातला.

"सापडली!" डबीतलं घुबड तिच्याकडे टकामका बघत होतं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"चल, साहेबांना दाखवू!" भोपळ्या म्हणाला.

"ते म्हणतील, आपणच आत्ता ठेवली. थांब, त्यांनाच खेळायला लावू!" तिने डबी परत जागेवर ठेवली.

संध्याकाळी पालक जमले. भिंगरी पुढे आली. "साहेब, हा बाक पहिल्यापासून इथेच आहे?"

"अर्थात!"

"मग चिठ्ठीप्रमाणे तुम्हीच चालून दाखवा. वाफ्यात पाय न पडता पोचलात, तर मी माफी मागते!"

"त्यात काय मोठंसं!" साहेब बाकावर बसले, उठले आणि चिठ्ठीत डोळे घालून ऐटीत निघाले. फच्च! त्यांचा चकचकीत बूट घोट्यापर्यंत वाफ्याच्या चिखलात! पालकांमध्ये हशा पिकला.

"गवतही दाखवू का? आणि तळ्याकाठच्या खुणा?" भिंगरीने विचारलं.

साहेबांचा चेहरा पडला. "कचेरीजवळ सावली छान पडते... दुपारी जरा डोळा लागतो... म्हणून मीच हलवला बाक. चिठ्ठीचं ध्यानातच आलं नाही. मुलांनो, माझंच चुकलं. खेळ चालू राहील!"

"शाब्बास, पोरांनो! अशी नजर हवी!" ढापण्याच्या हातातल्या फोनमधून ग्रंथपालबाई ओरडल्या.

मग सगळी वरात तळ्याकाठी गेली. साहेबांनी स्वतः वाकून डबी काढली.

"तुमच्याकडे वही नाही ना? हात पुढे करा!" भिंगरीने त्यांच्या तळहातावर घुबड उमटवलं. "आता बाक परत इथे आणा. आणि वाफ्यात नवी रोपं लावायला आम्ही येऊ. पण माफी म्हणून नाही हं!"

साहेब बाह्या सरसावून बाक उचलायला निघाले.