थेंबातली खिडकी

कशेळीच्या पुलाजवळ शेअर रिक्षा अडकली आणि भाविकाला समोरच्या होर्डिंगवर आपले थेंब दिसले.

पाण्याच्या बाटलीची जाहिरात. बाटलीवर चौतीस थेंब. दोन महिन्यांपूर्वी तिने फोटोशॉपमध्ये एकेक करून काढलेले. गिऱ्हाइकाने नमुना नेला, पसंत नाही म्हणून कळवलं... आणि आता हे.

"चोर मेले," ती म्हणाली.

शेजारी अंग चोरून बसलेल्या तरुणाने वळून पाहिलं. "कोण?"

"ते थेंब माझे आहेत."

"थेंबांवर नाव असतं काय?" तो हसला.

"असतं. उजेड पडतो तिथे पांढरा ठिपका काढतात. सगळे गोल काढतात, मी आमच्या दुकानाची खिडकी काढली. चार काचांची. वरची उजवी फुटलीय, तिथे पुठ्ठा लावलाय, म्हणून तो चौकोन काळा. दिसतोय?"

तरुणाने डोळे बारीक केले. त्याचं हसू ओसरलं.

"दिसतोय... पण डावीकडे."

"तेच तर. मेल्याने उलटवलेत. बाटलीवर उजेड डावीकडून आणि थेंबांवर उजवीकडून. चोरायचं तर नीट चोरायचं ना? एक थेंब जमायला मला तास लागतो. बाहेर सावली, आत समोरच्या कडेला मऊ उजेड, शेवटी ठिपका. आणि हा दोन बटणं दाबून मोकळा."

"असेल काही कारण," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही का त्याची बाजू घेताय?"

त्याने तोंड रस्त्याकडे फिरवलं. धामणकर नाक्यावर उतरताना तिची ओढणी रिक्षाच्या कडीत अडकली. त्याने ती अलगद सोडवली, पण नजर वर केली नाही. मग रस्ता ओलांडून तो थेट तिच्या दुकानासमोरच्या, त्यांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या छपाईच्या दुकानाचा जिना चढला.

म्हणजे हाच तो. आणि आपण याला थेंब शिकवत बसलो.

दुकानात मालक बाळारामशेठ वाटच बघत होते. त्यांनीही होर्डिंग पाहिलं होतं.

"आपलं डिझाईन समोर गेलंच कसं? फाईल तुझ्याकडंच हाय."

"नमुन्याची सीडी तुम्हीच दिलीत, शेठ. गिऱ्हाइकाच्या हातात."

"मला न्हाय आठवत. फितुरी चालायची न्हाय इथं. उद्यापासून येऊ नको."

तीन वर्षांचं काम एका वाक्यात संपलं. भाविकाला रडू आलं नाही, राग त्याला जागाच देईना. तिने पर्स उचलली. समोर जाऊन दोन शब्द सुनावल्याशिवाय ती घरी जाणार नव्हती.

दारातच तो उभा होता. हातात सीडी.

"मी भरत, समोरच्या दुकानातला. जिन्यात ऐकलं सगळं. हिने काही दिलं न्हाय, शेठ. गिऱ्हाइकानेच ही सीडी आणली, म्हणाला थेंब असेच पायजेत. मी उचलले. वर अक्षर कुणाचं हाय बघा."

अक्षर बाळारामशेठचं होतं.

"आमच्या मालकाला सांगून आलोय," भरत म्हणाला. "होर्डिंग उतरवतोय. ते गिऱ्हाईक आता गेलंच आमचं."

शेठनी मान खाजवली. "मग... बस कामाला."

"आधी चुकलो म्हणा."

"चुकलो बाय. बस आता." ते चहा सांगायला म्हणून खाली सटकले.

भाविका भरतकडे वळली. "आणि उलटवलंस का ते?"

"माझं टेबल तिकडे आमच्या खिडकीशी हाय. दीड वर्ष ही खिडकी बघतोय. माझ्याकडून पुठ्ठा डावीकडे दिसतो. तुझ्या थेंबांत उजवीकडे होता... वाटलं, काढणाऱ्याचं चुकलं. नीट केलं."

तिने खिडकीकडे पाहिलं. रस्त्यापलीकडून ती कशी दिसत असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"दीड वर्ष काय बघतोस खिडकीत?"

"खालच्या काचेतून हात दिसतो. माउसवरचा. दोन हिरव्या बांगड्या." त्याने पुठ्ठ्याकडे बोट केलं. "चेहऱ्यापुढे पुठ्ठा येतो."

तिने बांगड्यांवर ओढणी ओढली.

"चोरलंस ते चोरलंसच."

"हो."

"माफ केलेलं नाही मी."

"माहित्ये," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी बाळारामशेठ आले तेव्हा रस्त्यावरची धूळ सरळ आत येत होती. खिडकीवरचा पुठ्ठा कचऱ्याच्या डब्यात होता.

"हा कुणी काढला गं?"

"मी," भाविका म्हणाली. तिने खिडकीसमोरून खुर्ची जराही मागे घेतली नाही. "उजेड कमी पडत होता, शेठ."