लिस्बनमधली बांग

“पहिल्या दिवशी बेलेमचा बुरूज, दुसऱ्या दिवशी ट्राम,” सना म्हणाली. “तिसरा अख्खा दिवस किल्ल्याला.”

“आणि खायचं कधी?” तिच्या धाकट्या भावाने, जिब्रानने विचारलं.

ओमानमधल्या अल अमेरातच्या फ्लॅटमध्ये दोघं भावंडं आणि शेजारचा कॉनराड लिस्बनच्या सहलीचा बेत आखत होते. सनाचा इम्रान मामू एका एजंटमार्फत रत्नागिरीहून तिथे नोकरीला गेला होता. त्याने पाठवलेले फोटो फोनवर उघडे होते. सनाच्या घरीच राहणारा धाकटा हसन मामूही आता निघाला होता. शुक्रवारी तोच एजंट त्याचा पासपोर्ट न्यायला येणार होता.

तेवढ्यात इम्रान मामूचा फोन आला. नेट कमी आहे म्हणून तो व्हिडिओ कधीच लावत नसे. बाहेर मगरिबची बांग नुकतीच संपली होती.

“माझ्या खिडकीतून बुरूज दिसतो,” मामू सांगत होता. त्याच्या आवाजामागे बांग सुरू झाली. त्याने घाईने फोन ठेवला.

“लिस्बनमध्ये आत्ता दुपार आहे,” कॉनराड हळूच म्हणाला. “मग संध्याकाळची बांग कशी?”

त्याने मोबाइलवर नमाजाच्या वेळा पाहिल्या. आपल्यापेक्षा थोड्याच मिनिटांनी मगरिब होणारं ओमानमधलंच एक शहर होतं सोहार.

सनाचे अब्बा मुस्तफा यांनी ते हसण्यावारी नेलं. “टीव्हीचा आवाज असेल. सुट्टी लागली की तुमची डोकी अशीच चालतात.”

“तो खोटं कशाला बोलेल?” हसन मामू चिडला. “मी जाऊ नये असं वाटतं का तुम्हाला?”

दुसऱ्या संध्याकाळी मामूचा फोन वाजताच सनाने तो स्पीकरवर टाकला.

“मामू, कॉनराड बोलतोय. तुमच्या खिडकीतून बुरूज दिसतो ना? त्यावरच्या घड्याळात किती वाजलेत?”

पलीकडे कोणीतरी कुजबुजलं.

“चार,” मामू म्हणाला.

“बघा, बरोबर सांगितलं,” हसन मामू म्हणाला.

कॉनराडने फोटो मोठा करून अब्बांपुढे धरला. बुरुजावर घड्याळच नव्हतं.

मामूजवळ कोणीतरी बसलंय, हे सनाला कळलं होतं. घरची कोकणी बोली तिला नीट येत नसे. तरी त्या माणसाला कळू नये म्हणून तिने त्याच बोलीत, अडखळत विचारलं, “मामू, तू इथेच, आमच्याजवळ आहेस का?”

“हो,” मामू म्हणाला. मग तो मुद्दाम मोठ्याने बोलला, “हो, मजेत आहे मी.”

अब्बांनी लगेच आपल्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, फोन केला. ते ओमानी गृहस्थ त्यांना घेऊन पोलिसांकडे गेले. मामूच्या नावाने एजंटने घरी पाठवलेल्या पैशांच्या पावत्यांवरचा नंबर, फोनचा नंबर, सगळं पोलिसांनी घेतलं आणि तपास सुरू झाला.

शुक्रवारी एजंट पासपोर्ट घ्यायला आला, तेव्हा पोलीस आतल्या खोलीत बसले होते. पकडला गेल्यावर त्याने जागा दाखवली. सोहारबाहेर भंगाराची एक शेड होती. दाराला बाहेरून कुलूप होतं.

मुलं अम्मीबरोबर गाडीत थांबली. आतून सात-आठ माणसं उन्हात डोळे मिटत बाहेर आली. इम्रान मामूला सनाने आधी ओळखलंच नाही. त्याच्या उजव्या हाताला मळकट फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्यात दोन बोटं कमी होती.

“एजंट म्हणाला, लिस्बनचं विमान दुबईहून आहे, आणि गाडीने इथे आणलं,” तो म्हणाला. “पासपोर्ट काढून घेतले. फोटो त्याचीच माणसं बनवायची. खरं बोललो असतो, तर जेवण बंद झालं असतं. हसन, तू येऊ नको, एवढंच मला सांगायचं होतं, पण समोर माणूस बसलेला असायचा.”

हसन मामूने पुढे होऊन त्याला मिठी मारली.

पोलीस अधिकाऱ्याने तिघांना जवळ बोलावलं. “तुम्ही नीट ऐकलंत, म्हणून ही माणसं आज बाहेर आहेत,” तो म्हणाला. “शाब्बास.”

“आणि आम्ही ऐकलंच नाही,” अब्बा म्हणाले. त्यांनी कॉनराडच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग खिशातून आपला फोन काढून शेडमधल्या माणसांना दिला.

एकेक जण बाजूला जाऊन घरी फोन लावू लागला. पलीकडून कोणीतरी आनंदाने लिस्बनबद्दल विचारत असावं. प्रत्येक जण आधी ते सगळं ऐकून घ्यायचा, आणि मग खरं सांगायला सुरुवात करायचा.