पायाकडचा माणूस

रूपराव समुद्रपूरकडचे. आंब्याच्या झाडावरून पाठीवर पडले, मणका मोडला. पाय मात्र हलत होते, आणि तेच वाचवायचे होते. दोन-तीन दिवसांनी छातीत रक्त साचलं, म्हणून डॉक्टर मेघानं बरगड्यांमधून नळी टाकली. नळीतलं रक्त खाटेखालच्या बाटलीत पडे. मी त्या वॉर्डातली सिस्टर; त्या दुपारी ती बाटलीच पाहाले गेलती, दुसरं काई नाई.

लाइन गेलती. कूलर बंद. बाहेर असं ऊन, की रस्त्यावर कुत्रंही दिसेना. वॉर्डात ओल्या वाळ्याचा वास कोंडला होता.

बाटलीत रक्त पडणं थांबलं होतं. बरं वाटावं अशी गोष्ट नव्हती ती. रूपरावांचा श्वास चढला होता, ओठ काळे पडून राह्यले होते. नळी पाठीखाली मुडपली होती.

"पलटवा लागते," माझ्या हाकेनं धावत आलेली डॉक्टर मेघा म्हणाली. "आत्ताच."

मणका मोडलेल्या माणसाले आम्ही ओंडक्यासारखं एकसंध पलटवतो. चौघं लागतात, डोक्याले, खांद्याले, कंबरेले, पायाले. एक जण चुकला, की पाय कायमचे गेले. आम्ही तिघीच होतो. डोक्याशी डॉक्टर, खांद्याशी मी, कंबरेशी त्यायची बायको रुख्माबाई. मी हाका मारल्या, कोणीच येईना. माझा जीव नुसता टांगणीले लागला.

"थांबलो तर मरतील ते," डॉक्टर म्हणाली. "एक... दोन..."

'तीन' ती बोललीच नाई. ते पायाकडून कोणीतरी बोललं... अगदी हळू. रूपराव एकसंध पलटले. मी नळी सोडवली. रक्त भळभळ बाटलीत उतरलं, त्यायचा श्वास खाली बसला. मग मी पायाकडे पाह्यलं.

कोणी नव्हतं. घोट्यांपाशी चादर मात्र दाबलेली होती, दोन्हीकडून... आणि दाबलेलीच राह्यली.

"कोन होतं जी, सिस्टर?" रुख्माबाईनं विचारलं.

"वॉर्डातला माणूस," मी म्हटलं. काय सांगू बाई तिले!

रूपराव वाचले. पट्टा बांधून, काठी टेकत घरी गेले. परवा रुख्माबाईचा फोन आला. मी खुशीतच उचलला.

"सिस्टर, तुमच्या वॉर्डातल्या त्या मानसाले घेऊन जा न जी."

"काऊन? काय झालं?"

"आता यायले पलटवाचं काम नाई... तरी तो पायापाशी बसून राह्यते." मागून रूपरावांचं कण्हणं ऐकू येत होतं. "आज तर यायचे पाय वढून राह्यला..."