न्हावी थांबला ऐन दारी

मुलगी खुर्चीत बसली खरी, पण बोलायला तिला तोंड फुटेना. शेवटी खासगी गुप्तहेरानेच विचारलं, "काय हरवलंय?"

"गाणं," ती ओशाळून म्हणाली.

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला जाड्या फिसकन हसला. जाड्या हा गुप्तहेराचा शाळेच्या बाकापासूनचा सोबती. डोकं जरा सावकाश चालायचं, पण माणूस लाखमोलाचा. मुलीचा चेहरा पाहून त्याने हसू गिळलं.

तिच्या आईला पक्षाघात झाला होता. समजत सगळं होतं, पण वाचा गेली होती. फक्त एका जुन्या गाण्याची ओळ अधूनमधून ओठांवर यायची. वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंचं म्हणणं, गाणं पूर्ण मिळालं तर त्याचं बोट धरून शब्द परत येतील. मुलीने रेडिओवाल्यांना विचारलं, जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांचे उंबरे झिजवले. असं गाणं कोणीच ऐकलेलं नव्हतं.

"न्हावी थांबला ऐन दारी, दारी, दारी," तिने म्हणून दाखवलं. "लहानपणी आम्ही पोट धरधरून हसायचो. आई रागवायची नाही. नुसती गप्प व्हायची."

"'दारी' दर वेळी तीनदा?"

"दर वेळी."

मग गुप्तहेर तिच्या भावाला छापखान्यात जाऊन भेटला. यंत्रांच्या खडखडाटात भाऊ ओरडून ओरडून बोलत होता. त्यांच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र कधीच नव्हतं. आजोळी तर दोन वेळच्या जेवणाची मारामार. आई गायची ती स्वयंपाकघरातच, भांडी घासताना. आईला सख्खं असं एकच माणूस, धाकटी बहीण. ती मात्र मोठ्या घरात पडली.

"मावशी आली की आई ताडकन उठून उभी राहायची," तो म्हणाला. "मी चिडवायचो, आई, ती मावशी आहे, साहेब नाही."

मावशीच्या दिवाणखान्यात कर्ण्याचं जुनं यंत्र शोभेला ठेवलेलं होतं. मावशी अगत्याने बोलली. हे गाणं आपण कधी ऐकलंच नाही, असं ती म्हणाली. थोरली बहीण आक्का या घरी आली ती स्वतःच्या लग्नानंतरच, चार दिवस पाहुणी म्हणून.

गुप्तहेराने खूण केली. जाड्याने आधी पढवल्याप्रमाणे ओळ एकदाच म्हटली: न्हावी थांबला ऐन दारी. त्याचा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी. मावशीने वैतागून डोळे मिटले.

"न्हावी कसला? 'नाव ही थांबली ऐलतीरी, तीरी, तीरी'..." आणि ती एकदम थबकली. "असंच असेल आपलं. अंदाजाने म्हटलं."

जिना उतरताना जाड्या खूश होता. "शब्द मिळाले की रे!"

"शब्दांपेक्षा जास्त मिळालंय," गुप्तहेर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना आईच्या खोलीत बोलावलं. आई उशीला टेकून पडली होती. मावशी आत येताच तिने उठायची धडपड केली. मुलीने तिला आवरलं.

गुप्तहेर पलंगाकडे पाठ करून उभा राहिला. आपलं कोडं उलगडून सांगायला त्याला नेहमीच आवडायचं.

"शेवटचा शब्द तीनदा येतो, कारण रेकॉर्डवर चरा होता आणि सुई तिथे अडकायची. म्हणजे आई गाणं शिकली ती एका विशिष्ट रेकॉर्डवरून. जाड्याने शब्द एकदाच म्हटला, तरी मावशींनी तो तीनदा म्हटला. रेकॉर्ड तीच. मावशी आक्काकडून शिकल्या असत्या, तर त्यांच्याही तोंडी न्हावीच आला असता. त्यांना शब्द स्पष्ट माहीत आहेत, कारण त्या यंत्रासमोर बसत. आक्काला 'नाव ही'चं 'न्हावी' ऐकू आलं, कारण ती भिंतीपलीकडे होती. पाहुणी दिवाणखान्यात बसते. आणि चार दिवसांत गाणं इतकं हाडीमाशी खिळत नाही. त्या घरात भिंतीपलीकडे कोण असतं? मालकीण आली की कोण उठून उभं राहतं? मावशी, आक्का तुमच्याकडे स्वयंपाकीण होती."

जाड्याने त्याची बाही ओढली. "बस कर. मागे बघ."

आईने चांगल्या हाताने चादर तोंडावर ओढून घेतली होती. चादर थरथरत होती.

गुप्तहेराचे कान तापले. जे तिने बहिणीसाठी आयुष्यभर पोटात ठेवलं, ते त्याने तिच्याच उशाशी, तिच्याच मुलांसमोर चव्हाट्यावर मांडलं होतं.

मावशी भिंतीचा आधार घेत खाली बसली. माहेर खाऊनपिऊन सुखी आहे असं सासरी सांगितलं होतं, ती म्हणाली. वडील गेले, तेव्हा आक्का विटक्या कपड्यांत बोचकं घेऊन दारात उभी राहिली.

"सासूबाईंनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, कामाला बाई मिळाली. आक्काने ऐकलं आणि सरळ आत जाऊन चुलीपाशी बसली. तिचं लग्न ठरेपर्यंत मला 'बाईसाहेब' म्हणत राहिली. सासूबाई गेल्यावर मी तिला बहीण म्हणायला लागले. पण तिची उभं राहायची सवय गेली नाही, आणि 'बस' म्हणायला माझी जीभ उचलली नाही."

मुलगा आणि मुलगी एकमेकांकडे पाहू शकले नाहीत. भांड्यांपाशी गाणाऱ्या आईला दोघं किती हसले होते.

मावशी गुडघ्यांवर सरकत पलंगापाशी गेली. "आक्का, मला सगळं येतं. म्हणू?"

मग चादर खाली आली. आईचे डोळे लाल होते. तिने बहिणीकडे पाहिलं, आणि पलंगावर थोडी आत सरकली.

गुप्तहेर आणि जाड्या पाय न वाजवता बाहेर पडले. मागे मावशीचा कापरा आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने त्यात दुसरा मिसळला.

रस्त्यावर आल्यावर गुप्तहेराने विचारलं,

"आधी तिला विचारायला हवं होतं, नाही?"

"हो."

"पण तिला बोलता येत नव्हतं रे."

"मान हलवता येत होती," जाड्या म्हणाला.