लाल चिठ्ठी, काळी चिठ्ठी

"मेडिक! अरे मेडिक, मेलास की काय?"

ही हाक तोयला दोनदा ऐकू आली. आधी डाव्या बाजूच्या खुर्चीवरून, आणि मग क्षणभराने हेडफोनमधून. तिने एका कानावरचा हेडफोन मागे सारला. शेजारी बर्फाच्या कारखान्याचा निळा शर्ट घातलेला एक मुलगा पडद्याला नाक लावून बसला होता. त्याचा सैनिक भातखाचरात आडवा पडला होता आणि पडद्याच्या कडा लाल होत चालल्या होत्या.

"मेडिक मेलेली नाही," तोय म्हणाली. "मेडिक फणसाच्या झाडामागे आहे. आणि आणखी एकदा मेलास म्हणालास तर तिथेच राहील."

मुलाने मान वळवली. तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पडद्याकडे. पडद्यावर फणसाचं झाड होतं.

"तू… तू मेडिक?"

"का? झाडामागून दिसले नाही?"

"अगं, मग ये ना! मी मरतोय!"

"मर. कोणी सांगितलं होतं उघड्यावर धावायला? तुझ्यामागे मी धावले असते तर एकाऐवजी दोन मढी झाली असती."

तेवढ्यात तो मेलाच. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हसतोय की चिडलाय ते तिला कळेना. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता, दुकानातले दोन पंखे आपापल्या दिशेला माना फिरवत होते. दुकान नोईमावशीचं. लांपांग गावाच्या बाजारामागे, दहा संगणक, आणि मागच्या बाजूला भात-अंडं तळायची शेगडी.

"भांडायचं असेल तर बाहेर भांडा," मावशी झारा हलवत म्हणाली. "तास चालू आहे तुमचा."

"आम्ही भांडत नाही, मावशी," मुलगा म्हणाला. "मेडिकची तपासणी चाललीय."

त्याचं नाव क्ला. बर्फाच्या लाद्या गाडीवर घालून तो सकाळी बाजारभर पोचवायचा आणि दुपारी इथे येऊन बसायचा. तोय चिनीमातीच्या कारखान्यात वाडग्यांवर कोंबडे रंगवायची. लाल मान, काळी शेपटी, शेजारी एक केळीचं पान. दिवसभर तेच. संध्याकाळी मनगट भरून यायचं, आणि तरी ती येऊन माऊस धरायची.

त्यांचा तो खेळ सैनिकांचा होता, पण धडाधड गोळ्या झाडायचा नव्हे. त्यात ओझं घेऊन चालावं लागायचं. दम लागला की नेम हलायचा. एक गोळी लागली की माणूस आडवा; मेडिकने वेळेत येऊन मलमपट्टी केली तर ठीक, नाहीतर संपलं. पंधरा मिनिटं चालून, एकही शत्रू न दिसता, कुठल्या खिडकीतून मरण येईल सांगता यायचं नाही.

मावशीकडे एक रीत होती. नवा खेळ महिनाभर ठेवायचा. दारामागच्या पांढऱ्या फळ्यावर खेळणाऱ्यांनी आपलं मत लिहायचं. मतं चांगली आली तर खेळ राहणार, नाहीतर काढून टाकणार. मावशीला खेळातलं काही कळत नव्हतं, पण माणसं कशावर भांडतात ते कळायचं, आणि ज्यावर भांडण जास्त तो खेळ ती ठेवायची.

दुसऱ्या दिवशी क्लाने फळ्यावर लिहिलं: "बंदुकीचा झटका खोटा आहे. खरी बंदूक खांदा मोडते."

तोयने खाली लिहिलं: "खरी बंदूक कधी धरलीस?"

त्याखाली क्ला: "मेडिकला बोलायचा अधिकार नाही."

क्लाचा मित्र तुय, जाडा आणि आळशी, त्याने सगळ्यांत खाली लिहिलं: "मरायला फार चालावं लागतं. लवकर मारा."

मावशीने वाचलं, हसली, आणि खेळ ठेवला.

त्यानंतर ते तिघं एकाच तुकडीत खेळू लागले. क्ला नायक. त्याचा एकच नियम होता: "मी उठलो की उठायचं. का म्हणून विचारायचं नाही." तुय तो नियम मनापासून पाळायचा, कारण त्यामुळे त्याला डोकं चालवावं लागत नव्हतं. तोय पाळायची नाही.

"तू का नाही उठलीस?"

"मला पटलं नाही."

"सैन्यात पटायचं नसतं!"

"मग बरं झालं, मी खेळात आहे."

एके दिवशी तिला माऊस सोडून मनगट दाबत बसलेलं क्लाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी येताना बर्फाचा चुरा पिशवीत भरून, वर फडकं गुंडाळून घेऊन आला आणि तिच्या कीबोर्डशेजारी ठेवला… पडद्याकडे बघत, जणू पिशवी आपोआप तिथे आली होती.

"हे काय?"

"कारखान्यात उरलं होतं."

"बर्फ उरतो?"

"आज उरला."

मग तो रोजच उरू लागला.

तोय वयाने त्याच्यापेक्षा वर्षभर मोठी निघाली. मोठ्याच्या नावाआधी पी, म्हणजे ताई किंवा दादा, लावायचं ही इथली साधी रीत, शेंबडं पोरही चुकत नाही.

"पी तोय म्हण," ती म्हणाली.

"नाही म्हणणार."

"का रे? वळण नाही लावलं घरी?"

"लावलंय. पण एकदा पी म्हटलं की मग…" तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मग आयुष्यभर पीच म्हणावं लागतं."

तिने हेडफोन कानावर ओढले. खेळ अजून सुरूही झाला नव्हता.

थंडी सरली, ऊन चढू लागलं, आणि गावातल्या एकवीस वर्षांच्या पोरांच्या घरी एकच विषय निघू लागला. एप्रिलमध्ये भरती. शाळेत असताना ज्यांनी तीन वर्षं लष्करी शिक्षण केलं होतं ते सुटले होते. क्लाने आणि तुयने केलं नव्हतं. तुयने आळसाने, क्लाने बर्फाच्या गाडीपायी. त्यांना आता पेटीत हात घालून चिठ्ठी काढावी लागणार होती. काळी निघाली तर घर. लाल निघाली तर दोन वर्षं सैन्यात. आणि ज्याला चिठ्ठीच नको, त्याने आधी उभं राहून मी येतो म्हणायचं. त्याला एकच वर्ष.

"मी चिठ्ठी काढणार," क्ला म्हणाला. "माझा हात चांगला आहे."

"तुझा हात?" तोय म्हणाली. "तू रोज मरतोस."

"ते खेळात."

"आणि इथे काय आहे? इथे परत सुरू करायचं बटण नाही."

"असं बोलतेस जणू मला युद्धावर धाडतायत. तुझा भाऊ गेला होता ना? काय केलं त्याने?"

"दोन वर्षं एका साहेबाचं गवत कापलं आणि कांदे चिरले," ती म्हणाली. "बंदूक मोजून चार वेळा हातात आली. तो धडधाकट परत आला. पण ज्या मुलीशी ठरलं होतं, ती तोवर चियांग राईला नांदायला गेली होती. तिची चूक नव्हती. दोन वर्षं फार असतात." तिने बर्फाची पिशवी मनगटावरून उचलून बाजूला ठेवली. "तुझ्या या खेळात हीच खोट आहे. झटका खरा की खोटा, ते मरू दे. यात घरी कोणी वाट बघणारंच नाही. म्हणून सगळे असे बिनधास्त धावतात."

क्लाने पिशवीवरचं फडकं नीट केलं. मग हळूच म्हणाला, "समज… मला लाल निघाली. तर तुला काय?"

"मला काय?"

"तेच विचारतोय."

तिच्या तोंडाशी आलं होतं. पण मागे शेगडीवर अंडं चरचरलं, तुय आत आला, "बसा रे, बसा" म्हणत खुर्ची ओढली, आणि ती एवढंच म्हणाली, "मला काय… दुसरा नायक बघावा लागेल."

त्याने मान हलवली. त्या दिवशी तो खेळात एकदाही उघड्यावर धावला नाही.

भरती तालुक्याच्या शाळेच्या सभागृहात होती. तोयने कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि आयाबहिणींच्या गर्दीत दोरीमागे जाऊन उभी राहिली. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. कोणी पुठ्ठ्याने वारा घेत होतं, कोणी बुद्धाचा ताईत मुठीत धरून पुटपुटत होतं. आत पोरं शर्ट काढून फरशीवर रांगेने बसली होती, छातीवर शाईने नंबर लिहिलेले. टेबलावर पेटी ठेवली होती. क्लाने मागे वळून पाहिलं. गर्दीत ती दिसेल असं त्याला वाटलं नव्हतं. दिसली तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं.

अधिकाऱ्याने माईकवरून सांगितलं, "पेटी उघडायच्या आधी शेवटचं विचारतो. आपणहून कोण येणार?"

चारपाच जण उठले. टाळ्या पडल्या. मग शांतता. अधिकारी कागद आवरायला लागला…

क्ला उठला.

तोयच्या हातातला पुठ्ठा खाली पडला. चिठ्ठी काढणार म्हणत होता ना हा?

आणि त्याच्यामागे, त्याच क्षणी, तुय उठला.

"शाबास!" अधिकारी म्हणाला. "आणखी दोन!"

तुयने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि आपण उभे आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. दोरीमागून त्याची आई किंचाळली, "तुय! मेल्या, बस खाली! तुला कोणी उठवलं?"

"हा उठला म्हणून…" तुय म्हणाला. सगळं सभागृह हसलं. अधिकाऱ्यानेही हसू दाबत विचारलं, "काय रे, बसतोस? अजून सही झालेली नाही."

तुय क्लाकडे बघत राहिला. मग खांदे उडवून म्हणाला, "जाऊ दे साहेब. आता उठलोच आहे, तर परत बसायचा कंटाळा आला."

अधिकाऱ्याने यादी मोजली, शेजारच्याला दाखवली, पुन्हा मोजली, आणि माईक उचलला. गावाला जेवढी माणसं द्यायची होती तेवढी भरली होती. पेटी उघडायची गरज उरली नव्हती. बाकीच्यांनी घरी जावं.

मग जो गलका झाला! पोरं फरशीवरून उड्या मारत उठली, एकमेकांच्या गळ्यात पडली. आया दोरी ओलांडून आत शिरल्या. कोण कुठल्या बायका येऊन क्लाच्या आणि तुयच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालू लागल्या, हातात तळलेल्या कोंबडीच्या पुड्या कोंबू लागल्या. तुयची आई एका हाताने त्याला बुकलत होती आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. तुय कोंबडी खात होता.

तोय क्लाला दंडाला धरून बाहेर चिंचेच्या सावलीत घेऊन गेली.

"अक्कल आहे का तुला? चिठ्ठी काढणार म्हणाला होतास! दोघांचीच तर कमी होती. पेटीत दोनच लाल निघाल्या असत्या, बाकी सगळ्या काळ्या. तू खुशाल घरी आला असतास!"

"आलो असतो. नाहीतर नसतो आलो."

"दोन लाल, क्ला! एवढ्या पोरांत दोन!"

"ते मला बसल्या जागी कुठे ठाऊक होतं? आणि आता माझ्या हातात काय आलं असतं ते कोणालाच कळणार नाही. मलाही नाही." माळांमुळे त्याला मान नीट वळवता येत नव्हती. "मी काळीच काढणार होतो. खरंच. मग तू दिसलीस दोरीमागे. घामाने ओली… पुठ्ठा घेऊन. वाटलं, लाल निघाली तर हिला दोन वर्षं थांब म्हणून सांगायचं माझं तोंड नाही. एक वर्ष… एक मागता येईल कदाचित."

"कदाचित?"

"थांबशील?"

तोयने त्याच्या गळ्यातल्या माळा एकेक करून काढायला सुरुवात केली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"विचारायची ही रीत झाली का?" ती म्हणाली. "आधी उठायचं, मग विचारायचं?"

"आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते. जाऊ नकोस म्हणून." शेवटची माळ निघेना. तिने जोरात ओढली, दोरा तुटला, पाकळ्या दोघांच्या पायांवर पडल्या. "थांबायला नाही म्हणाले नसते. ते कधीच म्हणाले नसते."

क्ला हसला. मग त्याला रडू आलं. मग त्याने तिला तळलेली कोंबडी देऊ केली, आणि तिने ती घेतली.

मे महिन्यात पोरांना न्यायला बस आली. त्यांच्या डोक्यांचे गोटे झाले होते, त्यामुळे कोण कुठला ते आयांनाही पटकन ओळखू येईना. नोईमावशी भात-अंड्याचे डबे घेऊन आली होती. तुय खिडकीची जागा धरून केव्हाच झोपला होता.

क्ला पायरीवर चढला आणि परत उतरला. इथे कोणी कोणाच्या डोक्याला हात लावत नाही. आईबाप लावतात, मठातले भिक्खू लावतात, बस्स. सगळ्या गावासमोर, त्याच्या स्वतःच्या आईसमोर, क्लाने तोयपुढे मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला.

आजूबाजूचं बोलणं थांबलं. चालकाने भोंगा वाजवला.

तोयने आधी त्याच्या आईकडे पाहिलं. आईने दुसरीकडे तोंड फिरवलं, पण ओठ हसत होते. मग तोयने तळहात त्याच्या गोट्यावर ठेवला. डोकं उन्हाने तापलेलं होतं, केस टोचत होते.

"कसं लागतं?" त्याने खालूनच विचारलं.

"काट्यासारखं," ती म्हणाली. "जा आता. आणि हे बघ… तिकडे कोणी उठ म्हटलं, तर आधी का म्हणून विचार."

"सैन्यात तसं चालत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली, पण हात काढला नाही.